भूल कोणाची?

शस्त्रक्रियेच्या मेजावर एखादा रुग्ण दगावला की बाहेर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांना बहुधा एकच वाक्य ऐकवले जाते : ‘भूल मानवली नाही.’ ऐकणारा गरीब असेल, खेड्यातून आलेला असेल, तर त्याच्यापाशी प्रतिप्रश्न नसतो. प्रेत ताब्यात घ्यायचे, राहिलेले बिल चुकते करायचे आणि नशिबाला दोष देत गावी परतायचे, एवढेच त्याच्या हाती उरते. या वाक्याची रचना मोठी सोयीची आहे. त्यात जबाबदार असा कोणी माणूस नाही, कोणती संस्था नाही, कोणते धोरण नाही. भूल कोणी दिली, देणारा शेवटपर्यंत रुग्णाच्या उशाशी होता की दुसऱ्या रुग्णालयाकडे निघून गेला होता, आदल्या दिवशी रुग्णाला कोणी तपासले होते काय, प्राणवायूचे नळकांडे भरलेले होते काय, यांपैकी एकाही प्रश्नाला त्यात जागा नाही. मृत्यूचा दोष जातो तो मेलेल्याच्या शरीराकडे.

भूल खरोखरच न मानवणारी शरीरे असतात. एखाद्या औषधाची तीव्र प्रतिक्रिया किंवा क्वचित आढळणारा आनुवंशिक दोष यामुळे सर्व काळजी घेऊनही प्राण जाऊ शकतात, आणि अशा वेळी डॉक्टरला गुन्हेगार ठरवणे हा अन्यायच होय. परंतु हे अपवाद झाले. भूलशास्त्राचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास नेमके उलट सांगतो. भुलेशी निगडित मृत्यूंपैकी फार मोठा भाग टाळता येतो, तो टाळण्याची साधने जगाला माहीत आहेत, आणि त्यांतील बरीचशी साधने महागही नाहीत. तरीही ती सर्वांपर्यंत पोहोचत नसतील, तर हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही. तो साधनसंपत्तीच्या वाटपाचा, म्हणजेच अर्थकारणाचा आणि राजकारणाचा प्रश्न बनतो.

पहारेकऱ्याचे काम

भूल म्हणजे झोप, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः संपूर्ण भुलेत माणसाची संरक्षणव्यवस्थाच काही काळ स्थगित केलेली असते. झोपलेल्या माणसाच्या घशात पाणी गेले तर तो खोकून जागा होतो. भुलेतला माणूस खोकत नाही. त्याची जीभ मागे पडून श्वासमार्ग बंद होऊ शकतो, स्नायू शिथिल करणारे औषध दिले असेल तर छाती हलतच नाही, रक्तदाब अचानक कोसळू शकतो. कमरेत टोचून दिलेल्या भुलेत रुग्ण शुद्धीवर असतो, तरीही रक्तदाब घसरण्याचा धोका असतोच. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्याचे लक्ष जखमेकडे असताना कोणीतरी संपूर्ण माणसाकडे लक्ष ठेवावे लागते. भूलतज्ज्ञ हा त्या अर्थाने औषध देणारा कमी आणि पहारेकरी अधिक असतो.

या पहाऱ्याचे तीन भाग आहेत. पहिला शस्त्रक्रियेपूर्वीचा. रुग्णाचे रक्त पुरेसे आहे काय, हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे भार सोसतील काय, तो कोणती औषधे घेतो, त्याचे तोंड नीट उघडते काय, तंबाखूने फुप्फुसाचे काय झाले आहे, हे सारे आधी पाहावे लागते. दुसरा भाग प्रत्यक्ष शस्त्रक्रियेतला. तिसरा, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित, भाग शस्त्रक्रियेनंतरचा. टाके पडले की काम संपले अशी समजूत असते. परंतु भूल उतरत असतानाचे पहिले काही तास अत्यंत नाजूक असतात. श्वास मंदावणे, उलटी फुप्फुसात जाणे, आतला रक्तस्राव लक्षात न येणे या गोष्टी तेव्हाच घडतात. त्या वेळी रुग्णाशेजारी प्रशिक्षित परिचारिका हवी. प्रत्यक्षात तेथे पुष्कळदा रुग्णाची आई किंवा नवरा बसलेला असतो, आणि ‘शुद्धीवर आली की सांगा’ एवढीच सूचना त्याला मिळालेली असते.

मोजणाऱ्यांनी घडवलेला इतिहास

१८४६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि शस्त्रक्रियेतील यातनांचे युग मावळू लागले. त्यानंतर सव्वा वर्षातच, १८४८ च्या जानेवारीत, इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने मरण पावली. भुलेने झालेला, नोंदला गेलेला हा पहिला मृत्यू मानतात. लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी अशा मृत्यूंची एकेक नोंद गोळा करून त्यांची कारणे तपासली, आणि वाफेचे प्रमाण मोजून देता यावे म्हणून उपकरणे तयार केली. १८५४ च्या पटकीच्या साथीत ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा आणि मृत्यूंचा संबंध दाखवून देणारे स्नो ते हेच. पटकीचे मृत्यू आणि भुलेचे मृत्यू यांकडे त्यांनी एकाच दृष्टीने पाहिले. मृत्यू मोजल्याशिवाय कारण सापडत नाही, आणि कारण सापडल्याशिवाय प्रतिबंध होत नाही.

या इतिहासाचे एक पान आपल्या परिसरातले आहे. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानाच्या राजधानीत १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या खर्चाने दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रणेते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना दुसऱ्या आयोगासाठी धाडले. हैदराबादच्या रूपाबाई फर्दुनजी यांनी त्याच काळात क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदयाला थेट अपाय होत नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्याचा उत्तरार्ध पुढे चुकीचा ठरला. १९११ साली लेव्ही यांनी क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे ठोके प्राणघातक रीतीने बिघडू शकतात हे प्रयोगाने दाखवले. परंतु भुलेतल्या मृत्यूंची चौकशी सरकारी खर्चाने व्हावी आणि तिचे निष्कर्ष जगापुढे तपासणीसाठी ठेवले जावेत, ही कल्पना एका सरंजामी संस्थानाला सुचली होती. लोकशाही प्रजासत्ताकाला ती अद्याप पुरती सुचलेली नाही.

विसाव्या शतकातील प्रगतीही मोजणाऱ्यांनीच घडवली. बीचर आणि टॉड यांनी १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील सुमारे सहा लाख भुलींचा अभ्यास केला, तेव्हा दर १,५६० रुग्णांमागे एका मृत्यूत भुलेचा वाटा असल्याचे दिसले. १९५२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी सुरू झाली. नावे वगळायची, कोणाला शिक्षा करायची नाही, परंतु काय चुकले ते छापून प्रसिद्ध करायचे, असा तिचा दंडक होता. बाळंतिणींच्या मृत्यूंत भुलेचा वाटा लक्षणीय असल्याचे त्यातून उघड झाले. जठरातील आम्लरस फुप्फुसात जाणे, श्वासनलिकेत नळी न बसणे, रात्री-अपरात्री एकट्या नवशिक्या डॉक्टरवर काम सोपवणे ही कारणे पुनःपुन्हा पुढे आली. कारणे कळताच कार्यपद्धती बदलल्या आणि पुढील दशकांत हे मृत्यू फारच थोडे उरले.

१९७८ साली जेफ्री कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळता येण्याजोग्या दुर्घटनांचे विश्लेषण केले. त्यांतील ८२ टक्क्यांमध्ये मानवी चूक आढळली : नळी सुटणे, चुकीची सिरिंज उचलणे, वायूची कळ भलत्या दिशेला फिरवणे. ‘माणूस चुकतो, म्हणून त्याला शिक्षा करा’ असा निष्कर्ष यातून कोणी काढला असता. तो काढला गेला नाही. माणूस चुकणारच, तेव्हा चूक होताच ती लक्षात येईल आणि चुकीला वाटच मिळणार नाही अशी व्यवस्था उभारा, असा धडा घेतला गेला. १९८६ साली हार्वर्डच्या रुग्णालयांनी देखरेखीचे किमान दंडक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेने ते धोरण स्वीकारले. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडलेल्या तत्त्वावर आधारलेला पल्स ऑक्सिमीटर घरोघरच्या थर्मामीटरइतका शस्त्रक्रियागृहात रुळला. या साऱ्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९७० पूर्वी निव्वळ भुलेमुळे होणारे मृत्यू दर दहा लाखांमागे ३५७ होते. १९९० नंतरच्या दोन दशकांत ते ३४ वर आले, असे २०१२ सालच्या एका जागतिक आढाव्यात दिसते. त्याच आढाव्याने दुसरेही सांगितले : ही घट श्रीमंत देशांत जितकी ठळक आहे, तितकी गरीब देशांत नाही.

न घडलेल्या घटनेची किंमत

असे का व्हावे? ज्ञान तर गुप्त नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगातील सुमारे ७७,००० शस्त्रक्रियागृहांत पल्स ऑक्सिमीटर नव्हता. बोटाला लावायचा तो छोटा चिमटा २०२० च्या महासाथीत महाराष्ट्राच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचला; ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत घरोघरी जाऊन लोकांच्या रक्तातील प्राणवायू मोजला गेला. शासनाने मनावर घेतले तर साधन किती झपाट्याने पोहोचते, याचा तो पुरावा होता. तेव्हा अडचण उपकरणाच्या किमतीची आहे, हे म्हणणे टिकत नाही.

अडचण आहे ती सुरक्षिततेच्या अर्थशास्त्रात. केनेथ ॲरो यांनी १९६३ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजीबाजारासारखा नसतो. येथे खरीदणाऱ्याला आपण काय खरीदतो ते कळत नाही. आजाराची वेळ त्याच्या हाती नसते. आणि मालाची प्रत पारखण्याचे ज्ञान विकणाऱ्यापाशीच असते. भुलेच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे, कारण येथे गिऱ्हाईक बेशुद्धच असते. सर्जनची कीर्ती गावभर होते, दवाखान्याची इमारत दिसते, वातानुकूलित खोली दिसते. परंतु उशाशी कोण होते आणि किती वेळ होते, हे कोणालाच दिसत नाही. शिवाय उत्तम भूलसेवेचे फळ म्हणजे एक न घडलेली घटना असते. श्वास थांबला नाही, रक्तदाब कोसळला नाही, रुग्ण तिसऱ्या दिवशी घरी गेला. न घडलेल्या घटनेला बाजारात भाव नसतो. ज्याला भाव नाही, त्यावरचा खर्च सर्वांत आधी कापला जातो, हा बाजाराचा धर्मच आहे.

तालुक्याच्या गावातील चित्र याच नियमाने घडलेले आहे. तेथील खाजगी दवाखान्यांना पूर्ण वेळ भूलतज्ज्ञ ठेवणे परवडत नाही. मग एकच भूलतज्ज्ञ सकाळपासून रात्रीपर्यंत चार-पाच दवाखान्यांत फिरतो. रुग्णाला आदल्या दिवशी तपासायला त्याला वेळ नसतो. पहिली भेट मेजावरच होते. टाके पडताच त्याला पुढचे बोलावणे आलेले असते. या माणसाला दोष देणे सोपे आहे, परंतु तोही एका अर्थाने तुकड्यावर काम करणारा मजूरच आहे. त्याला मोबदला मिळतो तो दिलेल्या भुलेचा. आदल्या दिवशीच्या तपासणीचा नाही, आणि नंतरच्या दोन तासांच्या पहाऱ्याचा तर नाहीच. ज्या कामाला मोबदला नाही ते काम होत नाही, यात आश्चर्य ते काय? सरकारी ग्रामीण रुग्णालयांत भूलतज्ज्ञाचे पद रिकामे असले की याच खाजगी डॉक्टरांना प्रत्येक रुग्णामागे ठरावीक रक्कम देऊन बोलावण्याची सोय राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने केली. तिने काही जीव वाचले असतील. परंतु तीच तुकड्यावरची पद्धत त्यामुळे सरकारी व्यवस्थेतही शिरली.

विमा योजनांनी हे दुखणे बरे केले नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना, तसेच २०१८ सालची आयुष्मान भारत योजना, या दोन्हींत प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी एकठोक रक्कम ठरलेली असते. खाट, औषधे, सर्जन, भूल सारे त्यातच. गरिबाला दारात अडवले जाऊ नये हा हेतू स्तुत्य आहे, आणि अनेकांना त्याचा लाभही झाला आहे. परंतु रक्कम एकठोक असली की, जेवढे वाचवले तेवढे रुग्णालयाचे. टाका कोणी वाचवू शकत नाही, कारण तो दिसतो. मग वाचवली जाते ती पहाऱ्यावरची परिचारिका, वाचवला जातो तो भूलतज्ज्ञाचा वेळ.

हीच व्यवस्था एकीकडे आवश्यक सुरक्षितता कमी पुरवते, तर दुसरीकडे अनावश्यक शस्त्रक्रिया जास्त पुरवते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली जी पाहणी झाली, तीत ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, फडावर पाणी आणि आडोसा नाही, जवळच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, आणि खाजगीत ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला तयार. यांतील प्रत्येक स्त्रीने भुलेचा धोका पत्करला, आणि तोही बहुधा अशक्त रक्तावर. कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. भुलेची पहिली सुरक्षितता ही की, ती विनाकारण दिली जाऊ नये. आणि दुसरी ही की, ज्याला द्यायची त्याच्या अंगात रक्त असावे. शस्त्रक्रियेतील गुंतागुंत मेजावर सुरू होत नाही. ती रेशनच्या दुकानात आणि उसाच्या फडातच सुरू झालेली असते.

सरकार स्वतः बाजारासारखे वागू लागले म्हणजे काय होते, तेही देशाने पाहिले आहे. ७ जानेवारी २०१२ रोजी बिहारच्या अररिया जिल्ह्यातील एका शाळेत दोन तासांत ५३ स्त्रियांची नसबंदी उरकण्यात आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ एका वापरात नसलेल्या रुग्णालयात एकाच दिवशी, काही तासांत, ८३ स्त्रियांवर तीच शस्त्रक्रिया झाली. त्या शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. मृत्यू जंतुसंसर्गाने की दूषित औषधाने, यावर वाद झाला. परंतु वाद कसाही मिटो, ज्या वेगाने त्या स्त्रियांना मेजावर चढवले आणि उतरवले गेले, त्या वेगात पूर्वतपासणी आणि नंतरचा पहारा यांना जागाच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना ही शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. श्रीमंत घरातली एकही स्त्री अशा शिबिरात कधी गेली नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

दंडक आणि दारिद्र्य

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. सुरक्षिततेचे दंडक कडक केले तर छोटे दवाखाने बंद पडतील, बड्या भांडवलाच्या रुग्णालयांचे फावेल, आणि खेड्यातील अडलेल्या बाळंतिणीला सदोष भूलसुद्धा मिळणार नाही. काहीच नसण्यापेक्षा थोडे असलेले बरे नव्हे काय? २०१५ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने जगातील ५०० कोटी माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल मिळत नसल्याचा अंदाज मांडला. आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया दरवर्षी व्हायला हव्यात, असेही त्याने म्हटले. तेव्हा प्रश्न केवळ धोका कमी करण्याचा नाही, सेवा वाढवण्याचाही आहे, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु हा आक्षेप घेणारे एक गोष्ट गृहीत धरतात : सुरक्षिततेचा खर्च दवाखान्याने किंवा रुग्णानेच सोसायचा. तो समाजाने सोसला तर? ऑक्सिमीटर, श्वासातील कर्बवायू मोजणारे यंत्र, शोषकयंत्र आणि प्राणवायू यांचा पुरवठा तालुक्यातील लहान दवाखान्यांनाही सार्वजनिक निधीतून, नियमित तपासणीच्या अटीवर, का होऊ नये? मनुष्यबळाच्या बाबतीतही मार्ग आहे. एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचे जीवरक्षक भूल-प्रशिक्षण देऊन ग्रामीण रुग्णालयांत नेमण्याची योजना केंद्र सरकारनेच आखली होती. तज्ज्ञांच्या संघटनांना ती दुय्यम दर्जाची वाटली. त्यांची भीती निराधार नव्हती. १८ आठवड्यांत तज्ज्ञ घडत नाही. परंतु योजना लंगडली ती प्रशिक्षण अपुरे पडल्यामुळे तितकी नाही, जितकी नेमणुकांच्या बेपर्वाईमुळे. भूल शिकलेला डॉक्टर एका ठिकाणी, प्रसूतितज्ज्ञ दुसऱ्या ठिकाणी आणि चालू शस्त्रक्रियागृह तिसऱ्याच ठिकाणी, अशी गत झाल्यावर हाताला आलेले कौशल्यही गंजते. ज्येष्ठ तज्ज्ञाची देखरेख, वर्षाकाठी जिल्हा रुग्णालयात उजळणी आणि एकत्र नेमणूक एवढे केले तरी या डॉक्टरांकडून पुष्कळ काम होईल.

दुसरा धोका कागदी सुरक्षिततेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ कलमांची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी प्रसृत केली. नाव, जागा, शस्त्रक्रिया, औषधाचे वावडे, रक्ताची तयारी हे सारे भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी मोठ्याने विचारायचे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आले. परंतु कॅनडातील ओंटारिओ प्रांतात तीच यादी १०१ रुग्णालयांत सक्तीने लावल्यावर मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही, असे २०१४ साली दिसून आले. कागद तोच, परिणाम निराळे. यादीचा प्राण तिच्यावरच्या खुणांत नसून, परिचारिकेने सर्जनला ‘थांबा’ म्हणावे आणि त्याने थांबावे, या समतेत आहे. जेथे परिचारिका साहेबापुढे तोंड उघडू शकत नाही, तेथे यादी शस्त्रक्रिया संपल्यावर एका बैठकीत भरली जाते. उतरंडीची समाजरचना शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी चप्पल काढून आत जात नाही. ती तशीच आत जाते.

शिक्षा की शोध?

दुर्घटना घडल्यावर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक तर जमाव दवाखाना फोडतो, नाहीतर सारे गप्प बसतात. तिसरा मार्ग न्यायालयाचा. पण तोही पुरा पडत नाही. वैद्यकीय निष्काळजीपणासंबंधी ज्या खटल्याचा हवाला नेहमी दिला जातो, त्या जेकब मॅथ्यू खटल्याचे मूळ प्राणवायूच्या एका रिकाम्या नळकांड्यात होते. पंजाबमध्ये १९९५ साली एका रुग्णाला श्वास लागला, आणलेले नळकांडे रिकामे निघाले, दुसरे जोडेपर्यंत रुग्ण गेला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवरील फौजदारी कारवाई रद्द केली आणि फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा अत्यंत गंभीर असला पाहिजे, असे तत्त्व घालून दिले. ते तत्त्व योग्यच आहे. परंतु नळकांडे रिकामे का होते, ते तपासणे कोणाचे काम होते, देशात त्या दिवशी आणखी किती नळकांडी रिकामी होती, हे प्रश्न फौजदारी न्यायालयाचे नव्हतेच. ते विचारणारी दुसरी संस्था आपण निर्माणच केली नाही.

ती करता येते, याचा दाखला देशातच आहे. केरळमधील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून मातामृत्यूंची गोपनीय चौकशी सुरू केली. २०१० साली केंद्र सरकारने मातामृत्यू-परीक्षणाची पद्धत देशभर लागू करण्याच्या सूचना काढल्या. बाळंतिणीच्या मृत्यूची चौकशी होते, मग हर्नियाच्या, अपेंडिक्सच्या, मोडलेल्या हाडाच्या शस्त्रक्रियेत गेलेल्या माणसाच्या मृत्यूची का होऊ नये? शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू किती, हा आकडा आरोग्यव्यवस्थेच्या सहा प्रमुख निर्देशकांत धरावा, अशी शिफारस २०१५ सालच्या त्या आयोगाने केलेली आहे. आपल्या राज्यात तालुकानिहाय पावसाचा मिलिमीटर मोजला जातो, कारखान्यानिहाय उसाचा उतारा मोजला जातो. शस्त्रक्रियेत दगावलेल्या माणसांची मोजदाद करणे त्याहून कठीण नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत होणाऱ्या प्रत्येक मृत्यूची नोंद, खाजगी असो वा सरकारी, सर्व रुग्णालयांना सक्तीची करावी. चौकशी गोपनीय असावी, परंतु निष्कर्ष दरवर्षी मराठीत प्रसिद्ध व्हावेत. भूलपूर्व तपासणी आणि भुलेनंतरचा पहारा यांची रक्कम शासकीय योजनांत स्वतंत्र धरावी आणि ते काम झाल्याच्या नोंदीखेरीज ती देऊ नये. केंद्राचा २०१० सालचा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. येथे १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्यावर काम भागवले जाते. २०२१ साली त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची तरतूद आली. दरपत्रकाशेजारी आजच्या भूलतज्ज्ञाचे नाव आणि उपलब्ध उपकरणांची यादीही लावली जावी. आणि या साऱ्यासाठी पैसा हवा. सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे वचन २०१७ च्या धोरणात दिले गेले. महासाथीच्या छायेतल्या २०२१-२२ सालीही तो १.८४ टक्केच होता, आणि एकूण आरोग्यखर्चाचा ३९ टक्क्यांहून अधिक भार लोकांनी थेट आपल्या खिशातून उचलला होता.

परंतु सरकारकडे मागण्या सादर करून समाजवादी कार्यकर्त्याचे काम संपत नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या पुढील बैठकीत काही साधे प्रश्न विचारता येतील. येथे भूलतज्ज्ञाचे पद मंजूर आहे काय आणि ते भरलेले आहे काय? शस्त्रक्रियागृहात चालू स्थितीतील ऑक्सिमीटर किती? प्राणवायूची नळकांडी रोज कोण तपासतो, आणि ती वही कोठे आहे? भूल उतरेपर्यंत रुग्णाशेजारी परिचारिका असते की नातेवाईक? रुग्णाला घन अन्नासाठी सहा तास आणि साध्या पाण्यासाठी दोन तास पुरेसे असताना आदल्या रात्रीपासून दुसऱ्या दुपारपर्यंत पाण्यावाचून का ठेवले जाते? गेल्या वर्षी येथे शस्त्रक्रियेनंतर किती माणसे दगावली?

यांतील एकही प्रश्न विचारायला वैद्यकीय पदवी लागत नाही. उत्तरे लेखी मागावीत, सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत, आणि दोन्ही वेळची उत्तरे गावच्या फळ्यावर लावावीत.